नदीतल्या ईलची संख्या का घटली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या पावसाने ओढे भरले की आपल्याकडे लोक चढणीचे मासे धरायला निघतात. अंडी घालायला मासा प्रवाहाच्या उलट चढतो, हे कोकणात कुणाला शिकवावं लागत नाही. ईलचं मात्र सगळं उलटं. तो उतरणीचा मासा. वाढतो नदीत, ओढ्यात, तळ्यात आणि आयुष्याच्या शेवटी एकदाच, अंडी घालण्यासाठी, समुद्रात उतरतो. या उतरणीच्या माशाबद्दल मला जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं त्याची उत्तरं इथे लिहिली आहेत. बराचसा भाग युरोपातल्या ईलबद्दल आहे, कारण त्याच्या संख्येचा हिशेब सर्वांत जुना आहे. आपल्या नद्यांतल्या ईलबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

ईल म्हणजे साप ना? की आपली वाम?

साप नाही, मासाच. त्याला कल्ले आहेत, पर आहेत आणि कातडीत रुतलेले अगदी बारीक खवलेही आहेत. बाजारात वाम म्हणून मिळते ती समुद्रातली. ती गोड्या पाण्यात राहायला येत नाही. नदीत एक काटेरी पाठीची वामही असते, पण ती ईलच्या कुळातली नाही, फक्त अंगाने लांबट. आपण इथे बोलतोय ते अँग्विला वंशातल्या माशांबद्दल. जगात त्यांच्या सोळाएक जाती आहेत आणि सगळ्यांची रीत एकच: जन्म समुद्रात, वाढ नदीत, मरण पुन्हा समुद्रात.

युरोपातला ईल जातो कुठे आणि येतो कुठून?

सारगासो समुद्रातून. अटलांटिक महासागरात बर्म्युडाच्या आसपास पसरलेला, एकही किनारा नसलेला असा हा समुद्र आहे. तिथे अंड्यातून निघालेली अळी पारदर्शक आणि चपटी असते, बांबूच्या कोवळ्या पानासारखी. प्रवाहांबरोबर वाहत ती युरोपच्या कडेला पोचते. त्याला एक ते तीन वर्षं लागतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. किनाऱ्याजवळ आली की पान जाऊन तिची बारीक दोरी होते: सहा-सात सेंटिमीटर लांब, काचेसारखी, आत कण्याची रेघ आणि पुढे डोळ्यांचे दोन काळे ठिपके. ही काचपिलं. भरती आली की ती वर येऊन पाण्याबरोबर आत सरकतात आणि ओहोटीला तळाशी बसून राहतात. स्वतःची ताकद फारशी न खर्चता खाडी चढायची ही युक्ती.

नदीत शिरल्यावर रंग चढतो. मग पाच-दहा, कधी वीस वर्षं तो पिवळसर, चिखलात राहणारा, रात्री शिकार करणारा ईल असतो. एखाद्या शरदात त्याचं पोट पांढरं-रुपेरी होतं, डोळे मोठे होतात, आतडं आक्रसतं, खाणं बंद होतं. काळोख्या, पावसाच्या, नदीला पाणी चढलेल्या रात्री तो निघतो. पुढचे पाच हजार किलोमीटर किंवा जास्तच, साठवलेल्या चरबीवर.

सारगासोत ते अंडी घालतात हे कुणी पाहिलंय का?

नाही. आजवर तिथे युरोपियन ईलचं एकही अंडं कुणाच्या हाती लागलेलं नाही.

हा मासा माणसाला फार पूर्वीपासून चकवत आला आहे. ईल चिखलातून आपोआप उपजतात, असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं, कारण कापून पाहिलेल्या ईलमध्ये त्याला ना अंडी दिसली ना वीर्य. १८७६ मध्ये वीस वर्षांच्या सिग्मंड फ्रॉइडने ट्रिएस्ट बंदरात सुमारे चारशे ईल चिरले ते नराचे वृषण शोधायला. नीटसं काही हाती आलं नाही. (पुढे त्याने माणसाच्या मनाकडे मोर्चा वळवला, ते काम तुलनेने सोपं गेलं असावं.) मुद्दा असा की नदीतल्या ईलची जननेंद्रियं पूर्ण वाढलेलीच नसतात. ती वाढतात प्रवास सुरू झाल्यावर, आपल्या नजरेआड.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॅनिश संशोधक योहान्नेस श्मिट याने जहाजांवरून अटलांटिकभर अळ्या गोळा केल्या. पश्चिमेकडे जावं तशा त्या लहान लहान होत गेल्या आणि सगळ्यात लहान सारगासोत मिळाल्या. पत्ता लागला तो असा, उलट्या मापाने. मोठे ईल खरोखर तिथे पोचतात याचा थेट पुरावा मिळायला मात्र २०२२ साल उजाडलं. अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरून उपग्रह-खूण लावून सोडलेल्या ईलपैकी काही सारगासोपर्यंत गेल्याचं तेव्हा प्रसिद्ध झालं.

मग संख्या मोजतात तरी कशी?

समुद्रातले ईल मोजता येत नाहीत. मोजता येते ती आवक. बाजार समितीत कांद्याची मोजतात तशीच, दारावर.

नेदरलँड्समध्ये डेन उव्हर नावाचं बंदर आहे. तिथे समुद्र आणि गोड्या पाण्याचा मोठा जलाशय यांच्यामध्ये १९३२ मध्ये पुरा झालेला ३२ किलोमीटरचा बांध आहे आणि बांधात दारं. दारांच्या फटींतून गोडं पाणी झिरपतं, त्याच्या ओढीने वसंतात काचपिलं तिथे येऊन थटतात. १९३८ पासून तिथे एकच काम एकाच पद्धतीने चालू आहे: रात्री दर दोन तासांनी एक मीटर लांब-रुंद चौकटीचं जाळं तळापर्यंत सोडायचं, उचलायचं, त्यात आलेली पिलं मोजायची आणि आकडा वहीत लिहायचा. जाळं तेच, जागा तीच. मध्ये महायुद्ध येऊन गेलं, माणसं बदलली, वही राहिली.

मला या सगळ्या विषयात सर्वांत मोलाची वाटते ती ही वही. एका रात्रीच्या आकड्याला काही अर्थ नाही. वारा, थंडी, भरती, कशानेही तो हलतो. पण तेच जाळं ऐंशी वर्षं पडत राहिलं की आकडे बोलायला लागतात. युरोपभरच्या अशा डझनावारी नद्यांच्या नोंदी एकत्र करून समुद्र-संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद दरवर्षी आवकेचा निर्देशांक काढते. १९६० ते १९७९ या वीस वर्षांची सरासरी म्हणजे १००.

आज तो निर्देशांक किती आहे?

उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर अलीकडच्या वर्षांत १ पेक्षाही कमी. बाकी युरोपात १० च्या खाली. म्हणजे जिथे शंभर पिलं यायची तिथे एका भागात धड एकही येत नाही आणि दुसऱ्या भागात आठ-नऊ येतात. २००८ पासून युरोपियन ईल 'अतिसंकटग्रस्त' जातींच्या यादीत आहे. वाघसुद्धा त्या पायरीवर नाही, तो एक पायरी कमी धोक्यात आहे.

थोडी बरी बातमी एवढीच की २०११ च्या सुमारास घसरण थांबली. थांबली म्हणजे तळाशी जाऊन स्थिरावली. तेव्हापासून ठळक अशी वाढ नाही.

एवढं होईपर्यंत सगळे झोपले होते का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि राग रास्त आहे. पण घटनांचा क्रम बघा. मोठ्या ईलची पकड १९६० च्या दशकापासूनच हळूहळू उतरत होती. तेव्हा प्रत्येक देशाने दोष आपापल्या नदीला दिला. इथे धरण झालं, तिथे कारखाना आला. मुखाशी पिलं तर भरपूर येत होती, मग घाबरायचं कशाला? इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीकाठी ती ओंजळीने धरून डुकराच्या चरबीत अंड्याबरोबर तळून खात. गरिबाघरचं खाणं होतं ते.

मग १९८० च्या सुमारास काही वर्षांतच सगळीकडची आवक एकदम कोसळली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आनुवंशिक तपासणीवरून दिसतं की युरोपातले सगळे ईल मिळून एकच समूह आहे. नाईलच्या मुखातला ईल आणि नॉर्वेतला ईल एकाच समुद्रात जाऊन मिसळतात, आणि पिलू आईच्या नदीत परततं असं नाही. प्रवाह नेईल तिकडे जातं. म्हणजे ही सामाईक विहीर. उपसा सगळ्यांचा, आणि पाणी खाली गेलं की प्रत्येकाला वाटतं शेजाऱ्याचा पंप मोठा. कोणत्याही एका देशाच्या वहीत पूर्ण चित्र दिसणं शक्यच नव्हतं.

आणि उशीर दोन्ही बाजूंनी आहे. आज वाचवलेलं पिलू दहा-वीस वर्षांनी समुद्राकडे निघेल, त्याची पिलं आणखी दोन वर्षांनी किनाऱ्याला लागतील. आजच्या निर्णयाचा निकाल बघायला निर्णय घेणारे बहुतेक निवृत्त झालेले असतील.

घट नेमकी कशामुळे?

एकच कारण हवं असेल तर ते मिळणार नाही. पण 'अनेक कारणं आहेत' म्हणून हात झटकण्यातही अर्थ नाही. मला ज्या क्रमाने ती महत्त्वाची वाटतात तशी सांगतो.

पहिलं, भिंती. युरोपच्या नद्यांवर लहानमोठे मिळून किमान बारा लाख अडथळे आहेत, असा २०२० मधला अंदाज आहे. वर चढताना पिलं ओल्या, शेवाळलेल्या भिंतीवरून सरपटतही जातात, पण कोरड्या काँक्रीटपुढे हात टेकतात. त्यांच्यासाठी उपाय सोपा आणि स्वस्त आहे: तिरकी फळी, तीवर ब्रशासारखे दाट केस आणि वरून पाण्याची धार. पिलं केसांमधून वळवळत वर जातात. खरी कत्तल उतरताना होते. रुपेरी मादी कधी मीटरभर लांब असते, आणि लांब अंगाला वीजकेंद्रातल्या टर्बाइनचं पातं लागण्याची शक्यता तितकी जास्त. समुद्रसपाटीखालच्या डच शेतांतून पाणी उपसणारे पंपही तेच करतात. वीस वर्षं जगलेला, चरबीने भरलेला, निघण्याच्या तयारीतला मासा दाराशी मरतो.

आयर्लंडमध्ये शॅनन नदीवर आर्डनाक्रशा इथे १९२९ पासून वीजकेंद्र आहे. तिथे आता वरच्या अंगाला उतरणारे ईल जाळ्यात धरतात, टाकीत घालून ट्रकने धरणाखाली नेतात आणि सोडतात. ट्रकने स्थलांतर! ऐकून हसू येतं, पण यातला एकही ईल पात्याखाली येत नाही.

दुसरं, एक कृमी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व आशियातून आणलेल्या जिवंत ईलबरोबर एक रक्तपिपासू गोलकृमी युरोपात आला. तो ईलच्या वायुकोशात, म्हणजे पाण्यात वरखाली होण्याच्या फुग्यात राहतो. जपानी ईलला त्याची सवय आहे, युरोपातल्याला नाही. त्याच्या फुग्याची भिंत जाड होते, रक्तस्राव होतो. नदीत याने फारसं बिघडत नाही. पण सारगासोकडे जाताना ईल रात्री दोन-तीनशे मीटरवर आणि दिवसा सहाशे ते हजार मीटर खोल पोहतो, महिनोन्‌महिने. तिथे तो फुगा लागतो.

तिसरं, विष. पीसीबी, डायऑक्सिन यांसारखी रसायनं चरबीत साठतात आणि ईल म्हणजे चरबीचा डबा. उपाशी प्रवासात ती चरबी वितळते तेव्हा विष रक्तात आणि अंड्यांत उतरतं. ऱ्हाइन आणि म्यूज या नद्यांच्या मोठ्या पात्रांत डच सरकारने २०११ मध्ये ईल धरायला बंदी घातली ती माशासाठी नव्हे, खाणाऱ्यासाठी. डायऑक्सिनचं प्रमाण इतकं होतं.

मासेमारी आहेच, पिलांची आणि मोठ्यांची. दलदली भराव घालून बुजवल्या, तेही आहे. समुद्रातल्या प्रवाहांत आणि अळ्यांच्या खाद्यात फरक पडला असावा, हा एक तर्क आहे. सगळीकडे एकाच वेळी आवक घसरली, म्हणून त्याला वजन मिळतं. पण मोघम 'हवामान बदल' म्हटलं की पंपवाला सुटतो, धरणवाला सुटतो. म्हणून तो मुद्दा मी शेवटी ठेवतो.

गर्दी कमी झाली की नर-मादीचं प्रमाण बदलतं म्हणतात, खरं?

खरं. पिलू नर होणार की मादी हे जन्मतः ठरलेलं नसतं. वाढीच्या जागेवर ठरतं. दाटीत नर जास्त, मोकळ्या पाण्यात माद्या जास्त. नर लहान राहतात, साधारण ४५ सेंटिमीटरपर्यंत, आणि लवकर निघतात. म्हणून विरळ झालेल्या नदीत मोठ्या माद्या दिसल्या की मासेमार म्हणतात, 'बघा, ईल तर मोठे मिळतायत, चांगलं चाललंय.' नेमकं उलट असू शकतं.

कायदा काही करतो की नाही?

करतो, थांबत थांबत. २००७ च्या युरोपीय नियमानुसार, माणसाचा हात लागला नसता तर जितके रुपेरी ईल (वजनाने) समुद्रात उतरले असते त्याच्या ४० टक्के तरी उतरू द्यायचे आहेत. बहुतेक ठिकाणी हे गाठलेलं नाही. आयर्लंडने २००९ मध्ये व्यावसायिक ईल-मासेमारी सरळ बंद केली. २०२१ पासून शास्त्रीय सल्ला स्पष्ट आहे: कुठेही, कोणत्याही वयाचा, एकही ईल धरू नये. त्यावर सरकारांनी सहा महिन्यांची समुद्री बंदी आणली. शून्य मागितलं, अर्धं दिलं. आपल्याला ही पद्धत अगदीच अनोळखी नाही.

पिलं धरून वरच्या नदीत सोडली तर संख्या वाढेल ना?

त्या नदीत दिसायला वाढेल. फ्रान्सच्या खाडीत धरलेली पिलं स्वीडनच्या तळ्यात सोडतात, ती वाढतातही. पण ती पिलं मुळात निसर्गातूनच उचललेली आहेत. एका खिशातून दुसऱ्या खिशात. धरताना आणि नेताना काही मरतात. नव्या जागेतून त्यांना सारगासोची वाट सापडते का, यावर वाद आहे. आणि सोडली ती धरणाच्या वर! धरण तसंच ठेवून वर पिलं सोडणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं.

मग पाळतात ते ईल कुठले?

तेही नदीमुखाशी धरलेलेच. कोळंबीसारखं बीज केंद्रात तयार करून ईल व्यापारी प्रमाणात वाढवणं अजून जमलेलं नाही. जपानने २०१० मध्ये प्रयोगशाळेत अंडं ते अंडं असं पूर्ण चक्र फिरवून दाखवलं. अळ्यांना काय खायला घालायचं यातच दशकं गेली; चाललं ते शार्क माशाच्या अंड्यांचं पातळ कालवण. खर्च इतका की रोजच्या बाजाराला परवडत नाही.

तस्करी कशाला होते या पिलांची?

वरच्या उत्तरात कारण आहे. आशियातल्या ईल-तलावांना पिलं हवीत. युरोपीय संघाने २०१० च्या अखेरीस बाहेर विक्री बंद केली. एका किलोत तीन हजारांच्या आसपास पिलं बसतात आणि आशियात त्या किलोला हजारो युरो मिळतात. मग पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, थोडा प्राणवायू, प्रवासी बॅग आणि विमान. युरोपोल ही युरोपीय संघाची पोलीस संस्था दर हंगामात यावर मोहीम चालवते.

जपानी आणि अमेरिकन ईलचं काय?

दोघेही २०१४ पासून संकटग्रस्त यादीत. जपानी ईलची अंडी मात्र २००९ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या मारियाना बेटांच्या पश्चिमेला प्रत्यक्ष सापडली. अमेरिकन ईलही सारगासोतच जन्मतो. अमेरिकेच्या मेन राज्यात त्याच्या पिलांचा भाव २०१८ मध्ये एका पौंडाला दोन हजार डॉलरांच्या वर गेला होता.

महाराष्ट्रात ईल आहे का?

आहे. अंगावर ठिपके-चट्टे असलेला मोठा ईल पश्चिम घाटातून येणाऱ्या नद्यांत मिळतो. त्याला अहीर म्हणतात. आखूड पाठपराचा, एकरंगी असा दुसराही एक कोकण-गोव्याच्या खाड्यांत असतो. दोघांनाही 'संकटसमीप' धरलं आहे. ते हिंदी महासागरात अंडी घालतात.

लहानपणी आजोबांनी साकवाखालच्या कोंडीत रात्री गरी लावून ठेवली होती. सकाळी ओढून काढलेला अहीर माझ्या हाताएवढा जाड होता. तो धरवेना, तेव्हा आजोबांनी चुलीतली राख मुठीत घेऊन त्याला धरलं. शेपटाने त्याने त्यांच्या मनगटाला वेढा घातला, तो सोडवायला दोघं लागले. त्या कोंडीच्या खाली आता काँक्रीटचा बंधारा आहे. सरळ, उभा, कोरडा.

देशातली सर्वाधिक मोठी धरणं आपल्या राज्यात आहेत आणि माशांसाठी वाट ठेवलेली धरणं शोधावीच लागतील. डेन उव्हरसारखी वही आपल्या एकाही खाडीवर कुणी ऐंशी वर्षं चालवलेली नाही. म्हणून 'अहीर पूर्वी जास्त मिळायचा' हे म्हाताऱ्या माणसांचं वाक्य हीच आपली नोंद.

मी युरोपात राहतो. धुरी दिलेला ईल खाऊ का?

मी खात नाही. तिथला नदीतला ईल असो की पाळलेला, दोन्ही सारगासोतूनच आलेले असतात. ज्यांना खायचाच आहे त्यांच्यासाठी एक माहिती: ईलच्या कच्च्या रक्तात विषारी प्रथिन असतं, ते शिजवल्याने निकामी होतं. जपानी लोक इतके मासे कच्चे खातात, पण ईल भाजूनच वाढतात.

आमच्या ओढ्यात अहीर दिसला तर काय करू?

गावाचं नाव, तारीख, पाणी वाढतं होतं की उतरतं, अमावस्येच्या किती जवळ, आणि बंधाऱ्याच्या वर मिळाला की खाली, एवढं लिहून ठेवा. पोटाचा रंग बघा, पिवळट की रुपेरी. पाठीचा फोटो काढा, ठिपके दिसू देत. लांबी घ्यायला तो सरळ राहणार नाही. ओला दोरा त्याच्या अंगाच्या वळणावर ठेवा, डोक्याशी आणि शेपटाशी चिमटीत धरा, मासा पाण्यात जाऊ द्या आणि मग निवांतपणे दोरा मोजा.